उजव्या कानातले खडे

४ मार्च

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ही उजव्या कुशीवर वळली आणि तिने माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठले. "धर मला, खोली फिरतेय." वीस-बावीस सेकंद (मी मनात मोजले). मग सगळं शांत. पाणी प्यायला उठली, पुन्हा आडवी होताना उजवीकडे वळली, पुन्हा तेच. नंतर उलटी.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला आनंद झाला! चोवीस वर्षं मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आहे. त्यातला कान हा माझा जीव की प्राण, आणि कानातला तोलाचा भाग तर विशेषच. पुस्तकात ज्याचं वर्णन वाचून दाखवतो ते माझ्या घरात, माझ्या गादीवर, अगदी ओळ न् ओळ जुळत घडलं. कानाच्या आत एका पिशवीत चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. त्यांच्या वजनामुळे मेंदूला वर-खाली कळतं. वय वाढलं की त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत जाऊन पडतात. मान वळली की खडे घरंगळतात, त्यांच्यामागे आतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं, आपण गरगर फिरतोय. डोळे सांगतात, नाही. या दोघांच्या भांडणाचं नाव चक्कर.

हे सगळं मी हिला तिथल्या तिथे समजावलं. पारदर्शक नळीचा तुकडा वाकवून त्यात तेल आणि चिमूटभर वाळू भरूनही आणली. ही डोळे मिटून म्हणाली, "नंतर दाखव ना, सर."

चिडली की मला सर म्हणते.

तिची काळजी वेगळी आहे. शाळेच्या जिन्याची भिंत. तीन मजले उंच, आणि ती रंगवायला मिळावी म्हणून दोन वर्षं तिने शाळेच्या पायऱ्या झिजवल्या. खालचे दोन मजले झालेत. वरचा मजला परांचीवर उभं राहून करायचा आहे. उद्घाटन १२ एप्रिलला.

५ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणाली. मी म्हटलं, ते तरी निराळं काय करणार? मान एका ठरावीक क्रमाने वळवायची, प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, की खडे घरंगळत आपल्या जागी परत जातात. हे मी दर वर्षी शिकवतो.

तिला पलंगावर बसवलं. मी उशाशी, तिच्या मागे उभा राहिलो. डोकं दोन्ही हातांत धरून मान वळवली आणि तिला झटकन मागे निजवलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या टप्प्यात डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं आणि जबरदस्त चक्कर! मला वाटलं, खडे हलले, जमतंय. मध्ये एकदा तिने विचारलं होतं, "ही बाजू?" मी म्हटलं, बोलू नकोस, मान हलते.

७ मार्च

तीन दिवस, दिवसातून दोनदा. चक्कर वाढली आहे. आता भिंतीला धरून न्हाणीघरात जाते.

लेकीचा फोन आला. मी तिला नलिकेतल्या द्रवाचं सांगत होतो. मध्येच तोडून म्हणाली, "बाबा, तिला कुणाकडे तरी ने. ती तुझा वर्ग नाहीये."

८ मार्च

गेलो. तोल आणि चक्कर यांवरच काम करणारा एक फिजिओथेरपिस्ट आहे, कानाच्या डॉक्टरांनी त्याच्याकडेच पाठवलं. दार उघडून तो म्हणाला, "सर! तुम्ही?"

डुलक्या!

हे नाव मीच ठेवलेलं. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला बसायचा, मी कान शिकवायला घेतला की पाच मिनिटांत डोळे मिटायचे. त्या पेपरात जेमतेम पास. आता केस पिकू लागले आहेत, पांढरा कोट आहे, आणि हात अतिशय स्थिर आहेत.

त्याने हिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा लावला, म्हणजे बुबुळांची थरथर मोठी दिसते. मान उजवीकडे वळवून मागे निजवलं. बुबुळं फिरू लागली. मग एकेक टप्पा, शांतपणे, घड्याळ बघत. सगळं मिळून सहा मिनिटं. ही उठून बसली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तिला रडू आलं.

मला त्याने हलक्या आवाजात विचारलं, "घरी कसं केलंत, सर?" मी हवेत हात धरून दाखवलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. हिला मात्र म्हणाला, "सरांनी आधी केलं होतं ना, म्हणून इतक्या पटकन सुटलं."

हिने माझ्याकडे वळून इतक्या मायेने बघितलं! गेल्या कित्येक महिन्यांत तसं बघितलं नव्हतं. आणि ते बघणं मला त्याने मिळवून दिलं, फुकटात.

८ मार्च, संध्याकाळ

आरशासमोर उभा राहून तपासलं. चूक सापडली.

चोवीस वर्षं मी वर्गाकडे तोंड करून शिकवतो. विद्यार्थ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून उलटं करायची सवय लावून घेतली आहे. माझा डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, उजवा. ती सवय हाडीमासी इतकी खिळली आहे की आता विचारही करावा लागत नाही. पण हिच्या वेळी मी समोर नव्हतो, मागे होतो. आमच्या दोघांचा उजवा एकच होता. आणि माझे हात मात्र वर्गातच होते. मी सहा वेळा तिचा चांगला कान दुरुस्त केला.

दुसऱ्या टप्प्यात चक्कर येत होती ती त्यामुळेच. डोकं तेव्हा खरोखर उजवीकडे जात होतं. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला यश म्हटलं.

हिला सांगायला हवं. उद्या सांगेन.

१२ मार्च

सांगितलं नाही.

खडे जागेवर गेले, पण चालताना अजून झोक जातो. हेही अपेक्षितच आहे. इतके दिवस एका कानाने खोट्या बातम्या पाठवल्या. आता बातम्या खऱ्या आल्या तरी मेंदूचा त्यांच्यावर विश्वास नाही. विश्वास पुन्हा बसवायला व्यायाम लागतो. जाड स्पंजवर डोळे मिटून उभं राहायचं, चालता चालता मान वळवायची, चेंडू झेलायचा. आठवड्यातून तीनदा डुलक्याकडे. मी म्हटलं, घरी मी करून घेतो. ही फार सौम्यपणे म्हणाली, "नको. तू दमशील."

मी कशाने दमेन?

१५ मार्च

डुलक्याच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. मधे फक्त जाड पडदा. पंखा, रस्त्यावरची वाहनं, शेजारचे आजोबा कुणाला तरी पेन्शनचं सांगताहेत, आणि या सगळ्यातून मला फक्त हिचं हसू ऐकू येत होतं.

मेंदूची ही करामत मी दर वर्षी रंगवून सांगतो. दोन्ही कानांत सगळे आवाज एकात एक मिसळून येतात, कान काहीच निवडत नाही. निवड वर होते. मेंदू एक आवाज उचलतो, बाकीचे मागे ढकलतो. भर गर्दीत आई आपल्या मुलाचं रडणं ओळखते ते असंच. मी सांगायचो, आपल्याला ज्याची ओढ त्याकडे मेंदू कान लावतो. आज कळलं, ज्याची धास्ती त्याकडेही लावतो. हिचं हसू मोजत बसलो. अकरा वेळा हसली. मी घरी चेंडू टाकला असता तर ती अकरा वेळा हसली असती का?

१७ मार्च

जेवताना ही म्हणाली, "डॉक्टर किती छान सांगतात. कान खोटं बोलायला लागला की डोळे आणि पाय एकजूट करून त्याला गप्प बसवतात. मला पहिल्यांदा नीट कळलं."

हे वाक्य माझं आहे! शब्द न् शब्द माझा. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दर वर्षी म्हणतो. तो तर तेव्हा झोपलेला असायचा!

मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. नव्हतं.

१९ मार्च

आज आत येऊन बसायची परवानगी मिळाली. ही लाकडी फळीवर एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभी होती. डुलक्या तिच्यापासून हातभर अंतरावर, हात उघडे, पण लावलेले नाहीत. मी सांगितलं की त्याच्या हातांची उंची कमी आहे. पुढे सरकलो आणि नडगी फळीच्या कोपऱ्यावर आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

नडगी चोळली, बरं वाटलं. का, ते विद्यार्थ्यांना फार आवडतं. दुखण्याची बातमी आणि स्पर्शाची बातमी मेंदूकडे निघतात तेव्हा पाठीच्या कण्यात वाटेवर जणू एक दार असतं. चोळलं की स्पर्शाची गर्दी होते आणि दुखण्याला दार पुरेसं उघडत नाही. म्हणून पोर पडलं की आई आधी चोळते.

ही फळीवरून वळली नाही. वळू नये असंच शिकवलं होतं. डुलक्याच म्हणाला, "सर, लागलं का?"

मला जिथे दुखत होतं तिथे चोळायला जागा नाही.

२२ मार्च

डुलक्याने भिंत बघितली.

काल हिने सहज बोलावं तसं सांगितलं. तो शाळेत आला होता, परांचीच्या शिडीच्या पायऱ्यांची उंची टेपने मोजली, फळ्या किती रुंद ते बघितलं, आता तशीच शिडी त्याच्याकडे लावून सराव घेणार. सोमवारपासून वर चढा म्हणाला. आणि भिंत बघून बराच वेळ काही बोलला नाही म्हणे. हे सांगताना हिचा चेहरा!

मला दोन वर्षांत एकदाही भिंत दाखवली नाही. विचारलं. म्हणाली, "तू लगेच समजावायला लागतोस रे. सावली कुठून पडायला हवी, माणसाचा डोळा आधी कुठे जातो. पूर्ण झाल्यावर बघ." आणि तो? तो काही बोलला नाही, म्हणून त्याला दाखवली. न बोलणं ही काय विद्या आहे?

२३ मार्च

आज मी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला.

शांतपणे, मुद्देसूद बोललो. तोल सांभाळण्याची यंत्रणा काय असते, खडे पुन्हा सुटण्याची शक्यता किती, वीस फुटांवर मान वर करून काम करताना काय होऊ शकतं. एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. त्यांनी मन लावून ऐकलं, मधे दोनदा प्रश्नही विचारले, चांगले प्रश्न. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आमच्यावर केवढी जबाबदारी!" मी विनंती केली की मी फोन केल्याचं हिला कळू नये, उगाच मनाला लावून घेईल.

सतरा मिनिटं बोललो. काळजीपोटी केलं. तिची काळजी मी नाही करायची तर कुणी?

२४ मार्च

ही दुपारीच परत आली. चप्पल न काढता खुर्चीत बसली. शाळेने परांचीवर चढायला मनाई केली. तोल ठीक असल्याचं लेखी प्रमाणपत्र आणा, नाहीतर वरचा मजला दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेऊ. कुणीतरी तयारही आहे म्हणे.

मी म्हटलं, त्यांचंही बरोबर आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून चप्पल काढली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, "वरच्या मजल्यासाठीच खालचे दोन केले होते मी."

चहा केला. प्यायली नाही.

२५ मार्च

आता रोज जाते. आठवड्यातून तीनदा नव्हे, रोज! प्रमाणपत्र डुलक्याच देणार ना. वा, काय साधलंस, विद्वाना.

२९ मार्च

वर्गात कानाची आकृती दाखवत होतो. डावा हात वर केला, आणि "उजवा" हा शब्द तोंडातून निघेना. साठ मुलं वाट बघत होती. शेवटी आकृतीकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून शिकवलं. मागून कुणीतरी म्हणालं, सर आज रागावलेत.

१ एप्रिल

ही अंगणात शिडी लावून चढते, उतरते. वर गेल्यावर मान मागे टाकून आभाळाकडे बघते, तीस आकडे मोजते. मी खिडकीतून बघतो. प्रत्येक वेळी मी खिडकीचा गज घट्ट धरतो आणि प्रत्येक वेळी ती व्यवस्थित खाली येते. खाली आली की माझ्या मनात जे येतं त्याला नुसती सुटका म्हणता येणार नाही. लिहीत नाही.

४ एप्रिल

डुलक्या प्रमाणपत्र घेऊन घरी आला. हिने ते दोनदा वाचलं, पिशवीत घातलं आणि तडक शाळेत गेली. माझा निरोपही घेतला नाही. आम्ही दोघंच उरलो.

मला राहवलं नाही. विचारलं, माझ्या वर्गात एवढी झोप यायची?

तो लाजला. म्हणाला, "झोपायचो नाही, सर. मला लिहिता लिहिता ऐकू यायचं नाही. लिहायला गेलो की तुमचं बोलणं निसटायचं. म्हणून डोळे मिटून नुसतं ऐकायचो. वही कोरी राहायची, म्हणून पेपर तसा गेला. पण तुमचं बोलणं अजून जसंच्या तसं डोक्यात आहे. पेशंटना तेच सांगतो."

चोवीस वर्षांत इतकं मन लावून ऐकणारा एकच विद्यार्थी मिळाला असेल आणि मी त्याला डुलक्या म्हणून हिणवलं. उठून त्याचा हात धरावा असं वाटलं. पण मग वाटलं, माझी विद्या त्याने घेतली, माझी वाक्यं घेतली, आणि माझ्या बायकोचा विश्वासही तीच वाक्यं बोलून मिळवला. मी तेच बोललो तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते! आणि वर माणूस इतका भला, की त्याचा राग करायचीही सोय नाही.

जाताना दारात थांबला. "सर, त्या दिवशीचं बाजूचं... मॅडमना मी काही बोललेलो नाही."

"ठाऊक आहे," म्हटलं.

९ एप्रिल

सकाळी सातला जाते, अंधार पडायला येते. नखांत निळा रंग. नीट जेवते. खूप आनंदात आहे, आणि माझ्याशी फारच अदबीने बोलते. पाणी हवं का, दिवा मालवू का. पाहुण्यांशी बोलतात तसं.

१२ एप्रिल

भिंत बघितली.

खाली शाळेतलं रोजचं सगळं आहे. बाक, दप्तरं, पाण्याचे नळ, रांगेत ठेवलेले बूट, सरळ रेषेत. दुसऱ्या मजल्यावर त्या रेषा किंचित कलू लागतात. तिसऱ्यावर सगळं सुटलं आहे. बूट, छत्र्या, खुर्च्या, एक मासा, एक आख्खी खिडकी तिच्या पडद्यासकट, आणि हे सगळं एका न दिसणाऱ्या मध्याभोवती फिरतंय. त्या मध्यापाशी एक हात आहे, कशाला तरी घट्ट पकडलेला. मुलं जिना चढताना आपोआप माना तिरक्या करत होती. एक मुलगी पायरीवर मटकन बसली आणि खिदळत म्हणाली, फिरतंय!

चोवीस वर्षं चक्कर शिकवतो. ती आतून कशी असते, हे मी हिला एकदाही विचारलं नव्हतं.

समारंभात हिला बोलायला लावलं. डुलक्याचे आभार मानले, तो मागच्या रांगेत होता. मग माझे मानले. म्हणाली, कानाबद्दल मला जे काही माहीत आहे ते माझ्या नवऱ्यामुळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघून हसल्या, जरा जास्तच वेळ. मी टाळ्या वाजवल्या नाहीत हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

१३ एप्रिल

सकाळी चहा देताना ही म्हणाली, "बाईंनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं फोन कुणाचा ते. तीन आठवडे वाट बघितली. तू तर सगळं समजावून सांगतोस." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी पडेन म्हणून केलास, की पडणार नाही म्हणून?"

ही उत्तरासाठी बाहेर बसून आहे. मी आत येऊन हे लिहितो आहे.